‘आडनाव काय?’ विचारणाऱ्या घरमालकास खुले पत्र

श्री. घरमालक यांस,


तुमचं नाव इथे लिहीत नाही. पुण्याच्या पेठांत तुमच्यासारखे बरेच आहेत आणि प्रत्येकाने हे पत्र स्वतःला आलंय असं समजायला माझी हरकत नाही.

परभणीकडच्या एका मुलाला घेऊन मी तुमच्या दारात आलो होतो. फाटकावर पाटी होती : ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा’. फोनवर तुम्ही दोन कॉट मोकळ्या असल्याचं सांगितलं होतं. दारात मात्र तुम्ही भाड्याचं काही बोलला नाहीत. आधी आडनाव विचारलंत, मग गाव, मग ‘पैसे कोण भरणार?’ तो म्हणाला, ‘स्वाधार मंजूर होईल, तोवर वडील भरतील.’ तुम्ही म्हणालात, ‘कालच दिली जागा.’ संध्याकाळी त्याच रस्त्याने परतलो तेव्हा पाटी जागच्या जागी होती. त्या मुलाने ती वाचली आणि मान खाली घातली. मान तुमची खाली जायला हवी होती.

तुम्ही काय नाकारलंत, ते नीट समजून घ्या. शासकीय वसतिगृहात जागा कमी पडते, म्हणून 2016-17 पासून राज्याचा सामाजिक न्याय विभाग ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ चालवतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ज्या विद्यार्थ्याला वसतिगृह मिळालं नाही, त्याच्या खात्यात पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये येतात : जेवणासाठी 32,000, निवासासाठी 20,000, निर्वाहासाठी 8,000. त्यासाठी घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं, वर्गातली हजेरी 75 टक्के लागते, मार्क टिकवावे लागतात. आदिवासी मुलांसाठी याच धर्तीवर ‘स्वयम्’ योजना आहे. म्हणजे तुमच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला शासन पारखून घेतं. तुम्हाला मात्र त्याचं आडनाव पुरेसं वाटलं.

ज्यांच्या नावाने ही योजना आहे, त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचं फर्मान सुटलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी केलेला अर्ज दप्तरातच फिरत होता. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. परदेशातली पदवी, संस्थानची नोकरी, सगळं होतं. नव्हता तो फक्त दार उघडणारा माणूस. शंभर वर्षं उलटून गेली, तुम्ही लाठी घेत नाही, ‘कालच दिली’ म्हणता. परिणाम तोच.

दुसरा गुन्हा कागदाचा. ज्यांना तुम्ही ठेवून घेता, त्यांच्याकडून भाडं रोख घेता आणि करार करत नाही. योजनेच्या अर्जासोबत मुलाला भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तुमचा कागद नाही, तर त्याचे 20,000 अडकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स केलंत तर मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 तुमच्याच बाजूने उभं राहतं. म्हणजे कागद टाळून तुम्ही मुलाचं नुकसान करता आणि स्वतःचंही.

तुमची एक तक्रार मी मान्य करतो. स्वाधारचे हप्ते उशिरा येतात, कधी वर्ष संपत आल्यावर. भाडं मात्र दर महिन्याला लागतं. हा दोष विभागाचा आहे आणि तो त्याने दुरुस्त केलाच पाहिजे : पहिला हप्ता प्रवेशासोबतच मिळायला हवा. पण या अडचणीवर डिपॉझिट आहे, करारात लिहिलेली मुदत आहे, वडिलांची हमी आहे. भाड्याला उशीर होण्याची भीती सगळ्यांबाबत सारखीच धरा. उशीर आडनाव बघून होत नाही.

अमेरिकेत सरकार 1974 पासून गरीब कुटुंबांच्या भाड्याचा वाटा थेट घरमालकाला देतं. तरीही तिथले मालक अशा भाडेकरूंना दारातून परत पाठवत राहिले. तेव्हा न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये कायदा केला : भाड्याचे पैसे सरकारी मदतीतून येतात म्हणून घर नाकारता येणार नाही. असा स्पष्ट कायदा महाराष्ट्रातही व्हावा, अशी माझी मागणी आहे. पण तो होईपर्यंत तुम्हाला थांबायची गरज नाही. संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता कधीच रद्द केली आहे.

तेव्हा या जूनपासून तीन गोष्टी करा. दारात आडनाव विचारू नका. आधार कार्ड आणि कॉलेजचं ओळखपत्र बघा. करार नोंदवा; महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये आहे, ती निम्मी-निम्मी वाटून घ्या. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्या. एवढं केलंत तर एखादं पोर पुण्यात शिकेल, तेही तुमच्या घरात राहून. नाही केलंत, तर पुढच्या वेळी मी मुलासोबत कलम 55 ची प्रत घेऊन येईन आणि सही झाल्याशिवाय पायरी उतरणार नाही.

आपला,
त्या दिवशी मुलाच्या शेजारी उभा असलेला