पुढील पायरीवर जाण्यापूर्वी : निरीक्षण ॲपसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
परमआदरणीय वर्गनिरीक्षण व अभिप्राय ॲपसाहेब,
मुक्काम : सर्व्हर (बहुधा डाऊन)

विषय : आपल्या सर्व पायऱ्या पूर्ण करण्याची संधी दिल्याबद्दल आभार.
संदर्भ : आपलेच, रात्री साडेदहाला आलेले स्मरणपत्र.

महोदय,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. नागपूर जिल्ह्यात, पेंचच्या जंगलाकडच्या बाजूला, एका द्विशिक्षकी शाळेत मी मास्तर आहे. साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्यानुसार पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि आम्ही दोघे. आपण आलात आणि आम्ही तिघे झालो. तिसऱ्याला शिकवता येत नाही, उलट त्याच्या दिमतीला एक जण लागतो. म्हणजे शिकवायला उरला एक. वजाबाकीचे इतके जिवंत उदाहरण मुलांसमोर ठेवल्याबद्दल प्रथम आपले आभार.

आमच्या शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. त्यामुळे निरीक्षणाला आलेले केंद्रप्रमुख साहेब आधी टाकीचे निरीक्षण करतात. ओटीपी तिथे येतो, वर्ग इथे असतो, आणि मधल्या चालीत ओटीपीची मुदत संपते. साहेबांना रक्तदाबासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलेच होते. आपल्यामुळे तेही शासकीय वेळेत होऊ लागले.

लॉगिन झाल्यावर आपण शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक मागता. तो २७०९ पासून सुरू होतो. २७ म्हणजे महाराष्ट्र, ०९ म्हणजे नागपूर. हे कळूनसुद्धा आपण नम्रपणे विचारता : राज्य निवडा. मग : जिल्हा निवडा. मग तालुका, मग केंद्र, मग शाळा. बरोबरच आहे. मास्तर एखाद्या वेळी रातोरात शाळा उचलून लातूरला न्यायचे. खात्री केलेली बरी.

त्यानंतर जिओ-टॅग केलेला फोटो. मागच्या खेपेस आपल्या नकाशाने आमची शाळा तोतलाडोहच्या पाण्यात दाखवली, त्याआधी सरळ मध्य प्रदेशात. आमच्या मॅडम चिडल्या. मी त्यांना समजावले की १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. ॲपसाहेबांची माहिती चुकीची नाही, फक्त जुनी आहे. इतिहासाची अशी आस्था आता कुठे पाहायला मिळते?

भूगोलाशी मात्र आपले जरा बिनसलेले दिसते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. २०२४ मध्ये राज्यातल्या शाळा १५ जूनला उघडल्या, आमच्या १ जुलैला. आपण मात्र जूनमध्येच आमच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘निरीक्षण प्रलंबित’ लिहून मोकळे झालात. कुलूप लावलेल्या शाळेत, पंचेचाळीस अंश सोसून परतलेल्या भिंतींचे निरीक्षण कुणी केले नाही, ही आमची हयगय आहेच. कसूर मान्य.

आता आपल्या हृदयाकडे वळतो, म्हणजे मापनश्रेणीकडे. ‘शिक्षक विद्यार्थ्यांच्या पूर्वज्ञानाशी सांगड घालतात’ : १ ते ५ पैकी निवडा. ही पाच पायऱ्यांची युक्ती रेन्सिस लायकर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली, ती लोकांचे कल मोजण्यासाठी. आपण तिला आणखी वर नेलेत. ५ दिले की आपण पुरावा अपलोड करायला सांगता. १ किंवा २ दिले की सुधारणेचा कृती आराखडा मागता, तोही तारखांसह. ३ दिले की काहीच मागत नाही, गुमान पुढच्या पायरीवर नेता. त्यामुळे अख्ख्या तालुक्यात ना कोणी फार चांगले शिकवत, ना कोणी वाईट. सगळे तीन. समतेचे हे स्वप्न इतक्या स्वस्तात साकार होईल, असे कुणाला वाटले नव्हते.

खरे सुख तर प्रत्यक्ष निरीक्षणाच्या तासाला. साहेब मागच्या बाकावर बसतात, मान खाली घालतात आणि ती मान तास संपेपर्यंत वर येत नाही. येणार कशी? प्रत्येक उत्तर तारांकित. एक चौकट राहिली तर ‘पुढे जा’ हे बटण राखाडीच राहते. परवा मी हातच्याची वजाबाकी शिकवत होतो. दुसरीतली एक पोरगी शून्यातून सात कसे जातील म्हणून अडली. शेजारच्या मुलाने आगपेटीतल्या काड्या तिच्यापुढे ओतल्या, दहाचा गठ्ठा सोडून दाखवला, आणि पोरीचा चेहरा उजळला. माझ्या आठवड्यातला हा सर्वांत मोठा क्षण. नेमके त्याच वेळी साहेब ‘वर्गातील आंतरक्रिया : निवडा’ या यादीत आंतरक्रिया शोधत होते.

तास संपल्यावर तिसरीतल्या एकीने मला विचारले, ‘‘सर, ते साहेब आपल्याले काहून नाही पाहून राहिले?’’ मी म्हटले, ‘‘पाहून राहिले न बाप्पा, फोनातून पाहून राहिले.’’ तिला ते पटले नाही. लहान आहे अजून, डिजिटल साक्षरता कमी पडते.

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रयोग झाले. कामगाराकडे कुणीतरी लक्ष देत आहे, एवढ्यानेच त्याचे काम सुधारते, असा निष्कर्ष त्यांतून काढला गेला. पुढे पंडितांनी त्यावर वाद घातले. पण आमच्या शाळेत तो शंभर टक्के खरा ठरला. साहेबांचे सगळे लक्ष आपल्याकडे असते, आणि आपण खरोखरच सुधारत चालला आहात. दर पंधरवड्याला नवी आवृत्ती! वर्गाकडे कुणाचे लक्ष नसल्याने वर्ग आहे त्याच आवृत्तीत आहे.

आपल्याआधी इथे शेरेबुक नावाची एक अडाणी वही होती. तिला ना लॉगिन, ना चौकटी. साहेब यायचे, चहा व्हायचा, मागच्या बाकावर बसायचे आणि जाताना चार ओळी खरडायचे. त्यांतले बरेच शेरे ‘काम समाधानकारक’ या जातीचे असत, हे मान्य. साहेबांचा जेवणाचा डबा कुणी आणला यावर समाधान ठरायचे, हेही मान्य. पण आमच्या वहीत एक जुना शेरा आहे : ‘दुपारी मागच्या बाकावरून फळ्याची उजवी बाजू दिसत नाही, खिडकीचा उजेड पडतो.’ तेव्हाच्या गुरुजींनी फळा दोन हात सरकवला, तो आजही तिथेच आहे. किती मागासलेपण! ना स्तर, ना निर्देशांक. एका माणसाने डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि दुसऱ्याने ते ऐकले.

आपला अभिप्राय कसा भारदस्त असतो! किमान शंभर अक्षरे झाल्याशिवाय आपण तो स्वीकारतच नाही. म्हणून साहेबांनी एक वाक्य तयार ठेवले आहे : ‘विद्यार्थ्यांच्या कृतियुक्त सहभागासाठी शिक्षकांनी विविध शैक्षणिक साधनांचा अधिकाधिक व प्रभावी वापर करून अध्ययन आनंददायी करावे.’ हाच अभिप्राय माझ्या वजाबाकीला मिळाला, शेजारच्या वर्गात मॅडमच्या कवितेला मिळाला, आणि पलीकडच्या गावात परसबागेच्या तासालाही. तिथे मुलांच्या हातात विळे-खुरपी होती. याहून प्रभावी साधने ती कोणती?

अभिप्राय आला की माझी पायरी : ‘मी वरील अभिप्राय वाचला असून तो मला मान्य आहे.’ शेजारी एकच चौकट. अमान्य म्हणायची सोय नाही, ‘साहेब, जरा समजावून सांगता का’ म्हणायची तर नाहीच. साहेबांची माझी भेट या सगळ्यात कोणत्या पायरीवर होते, ते मी शोधतो आहे. ते टाकीजवळ सबमिट करून गाडीला किक मारतात, मी रात्री घरी मान्य करतो. संवाद पूर्ण झाल्याची हिरवी खूण मात्र आपण न चुकता देता.

साहेबांना दोष देत नाही. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे आहेत, आणि त्यांतली कितीतरी वर्षानुवर्षे रिकामी. मग एकाच्या गळ्यात दोन-दोन केंद्रांचा कारभार येतो. त्या माणसाने शाळेत बसून बोलायचे की आपल्या चौकटी भरायच्या? त्याने निवड केली. वरून त्याला चौकटींबद्दल विचारतात, पोरांबद्दल नाही.

आपले घराणे मोठे, हे मी जाणतो. २०१५ मध्ये शाळासिद्धी आली, ४६ मानके घेऊन. अलीकडे राज्याचा गुणवत्ता मूल्यांकन आराखडा आला, १२८ मानके घेऊन. वंशवृद्धी जोमात आहे. आपल्या नात्यातली मंडळी नागपूर शहरातही नांदतात : महापालिकेने हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली, माणूस कुठे आहे ते कळावे म्हणून. झाडणारा कुठे आहे हे त्यात कळते. रस्ता झाडला गेला का, हे कळायला अजूनही रस्त्यावरच जावे लागते.

आमचे एक कायदेपंडित मित्र म्हणतात, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. मी त्यांना म्हटले, ॲपसाहेबांना उगाच बाहेर काढू नका, ते आपत्तीमध्ये अगदी चपखल बसतात. निवारणाचे काय ते पाहता येईल.

तरी चरणी दोनच मागण्या. पहिली : निरीक्षणाच्या तासाला साहेब वर्गात आले की आपण अर्धा तास आपणहून बंद पडावे. आपल्याला ते जमते, महिन्याच्या शेवटच्या तारखेला आपण हेच करता. दुसरी : त्यानंतर दहा मिनिटे साहेब आणि मी समोरासमोर बसू. त्यांनी सांगावे काय खटकले, मी सांगावे काय अडते. वाटल्यास ही पायरीही तारांकित करा. पण ती पूर्ण झाल्याशिवाय ‘सबमिट’ उमटू देऊ नका. मग बाकीच्या चौकटींत आपण म्हणाल तितके तीन भरून देतो.

कळावे, लोभ आहेच, तो कमी झाल्यास बरे.

आपला सदैव प्रलंबित,
एक मास्तर

सोबत : माझा हसरा फोटो, जिओ-टॅगसह, २०० केबीच्या आत.

ता. क. : हे पत्र आपल्याच ‘सूचना व तक्रारी’ या पानावर टाकणार होतो. तिथे तक्रारीचा प्रकार निवडायला सांगितला आहे आणि यादीत एकच प्रकार आहे : ‘उत्तम’.