किती ओढते?

अमेरिकेत जुनी डिझेल पिकअप विकणाऱ्याला काहीही विचारा, उत्तर एकच येतं. रंग का उडाला? ‘पण ओढते बघा!’ दार का कुरकुरतं? ‘दाराचं काय घेऊन बसलात, घोड्यांचा ट्रेलर लावून डोंगर चढलीय ही.’ मग बोट, गवताच्या गाठी, चिखलात रुतलेला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अशी आजवर ओढलेल्या वस्तूंची यादी सुरू होते, आणि ती संपेपर्यंत आपण काय विचारलं होतं ते आपणच विसरतो.

आमच्या जावईबापूंना अशी एक गाडी घ्यायची होती. लेक-जावई इंडियानातल्या कोलंबसला राहतात. पुणेकराला हे गाव अगदीच परकं नाही. कमिन्स कंपनीचं माहेर ते, आणि १९६२ साली किर्लोस्करांशी भागीदारी करून हीच कंपनी कोथरूडला आली. मीही आयुष्यभर डिझेल इंजिनांच्या आसपास नोकरी केलेली. त्यामुळे गाडी बघायला जाताना ‘बाबा, तुम्ही फक्त बरोबर चला’ असं निमंत्रण मिळालं. त्यातला ‘फक्त’ मी कानाआड केला.

बेत असा होता, की मोठा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचा, तो पिकअपला जोडायचा आणि उन्हाळ्यात पोरांना घेऊन डोंगरात जायचं. संसार गाडीत घालून घराबाहेर पडणं आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या नशिबी येतं; इथं लोक त्यासाठी वर्षभर पैसे साठवतात. आता एवढा संसार ओढायचा तर डिझेल हवं, आणि नव्या डिझेल पिकअपच्या किमतीत पुण्याजवळ फ्लॅटचा विचार करता येतो. म्हणून जुनी.

जुन्या डिझेल पिकअपच्या शौकिनांची घराणी आहेत. एक घराणं कमिन्सच्या ५.९ लिटरवाल्यांचं. १९८९पासून हे इंजिन डॉज पिकअपला बसू लागलं. सरळ रांगेत सहा सिलिंडर, आणि सुरुवातीच्या इंजिनांना व्हॉल्व्ह बारा, म्हणून भक्त त्याला नुसतं ‘बारा व्हॉल्व्ह’ म्हणतात. इंजिन अमर आहे, भोवतीची गाडी तेवढी टिकवा, असा त्यांचा आवडता विनोद. दुसरं घराणं फोर्डच्या ७.३ लिटरवाल्यांचं. त्या इंजिनाचा कॅमशाफ्ट सेन्सर कधी मान टाकील याचा नेम नसतो, म्हणून जाणता मालक एक जादा सेन्सर आणि दहा नंबरचा पाना गाडीतच ठेवतो. विकायला काढलेल्या गाडीच्या कप्प्यात या दोन वस्तू सापडल्या, तर मालक भला आहे असं समजायला हरकत नाही. त्यानंतरच्या ६.० लिटरचं नाव काढलं, की मेकॅनिक आधी हसतो आणि मग हेड गास्केटचा खर्च सांगतो.

घराणं ठरलं तरी गाडी पारखावी लागतेच, आणि ती पारख बैलबाजारातली आहे. तिथं जाणकार वय विचारत नाही, ओठ वर करून दात बघतो. खांद्यावरून हात फिरवतो, चालवून बघतो. इथंही मीटरवरच्या मैलांकडे कौतुकानं बघून पुढं जायचं. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. ते कोमट लागलं तर विकणाऱ्यानं आपण यायच्या आत इंजिन चालवून घेतलंय, कारण डिझेलचं खरं दुखणं गार असताना बाहेर येतं. इंजिन चालू झालं की तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढून तिथंच उलटं, नुसतं ठेवायचं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जळलेला वायू खाली उतरून वर येतो. झाकण जरासं थरथरलं तर चालतं. नाचून खाली पडलं तर आपणही नमस्कार करून निघायचं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल तरी न जळता जातंय, नाहीतर कूलंट आत शिरलंय. शेवटी गुडघे टेकून गाडीखाली डोकवायचं. या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ चासी खातं. वरून चकचकीत असलेली गाडी खालून पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटत असते.

आम्ही ज्याच्याकडे गेलो तो म्हातारा शेतकरी होता. मी बॉनेटवर हात ठेवला तसा तो हसला. ‘गारच आहे. मीही जुन्याच गाड्या घेत आलोय.’ जावईबापूंनी किल्ली फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत दम धरला आणि इंजिन सुरू केलं. तो खडखडाट ऐकून मला आपल्याकडच्या लोडशेडिंगची आठवण झाली. बाजारपेठेत दुकानादुकानापुढे हेच संगीत चालायचं. जावईबापूंच्या चेहऱ्यावर मात्र काकड आरतीला उभं राहिल्याचा भाव होता. त्यांनी भारावून विचारलं, ‘किती ओढते?’ म्हाताऱ्यानं यादी सुरू केली. ती संपल्यावर मी विचारलं, ‘आणि थांबते कशी?’

म्हाताऱ्यानं टोपी मागं सारली. हा प्रश्न त्याला बहुधा कुणी केला नव्हता. खरं तर कोलंबस गावात तो रोज विचारला जायला हवा. क्लेसी कमिन्स हा मूळचा डब्ल्यू. जी. अर्विन नावाच्या सावकाराचा ड्रायव्हर. त्याच्याच पैशांवर १९१९ साली कंपनी उभी राहिली. १९२९च्या नाताळात क्लेसीनं एका सेकंडहँड पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि मालकाला फिरवून आणलं. अमेरिकेतली पहिली डिझेल मोटार ती, म्हणजे जुन्या गाडीचा मान इथं पहिल्यापासूनचा. पण गोष्ट पुढची आहे. १९३१ साली तो डिझेलचा ट्रक घेऊन देश ओलांडायला निघाला. कॅलिफोर्नियात कहोन घाटाच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले आणि खाली रुळांवरून आगगाडी चाललेली. थोडक्यात वाचला. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होते आणि इंजिनच गाडीला मागं धरतं. डिझेलला हवेवर तसा पडदा नसतो; ते उतारावर मोकळं सुटतं. चढावर राजा असलेलं इंजिन उतारावर हात वर करतं, हे क्लेसी विसरला नाही. निवृत्तीनंतर त्यानं इंजिनालाच ब्रेक करायची युक्ती शोधली, आणि १९६१ साली जेकब्स कंपनीनं ती बाजारात आणली. मोठे ट्रक घाटात अजून त्याच ‘जेक ब्रेक’वर गुरगुरत उतरतात.

म्हाताऱ्यानं मुकाट्यानं डॅशबोर्डखालचा ट्रेलर-ब्रेकचा डबा दाखवला, मागून बसवलेल्या एक्झॉस्ट ब्रेकची पावती काढली, आणि घरात जाऊन तेल बदलल्याच्या पावत्यांची फाइलही घेऊन आला. ओढण्याची यादी सांगताना न दिसलेलं अगत्य आता दिसत होतं.

मग मी दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचलं. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन किती होऊ द्यायचं, तो आकडा तिथं असतो. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते आपलं. दहा हजार पौंडांचा कॅम्पर म्हणजे त्यातले हजार ते दीड हजार पौंड पिकअपच्या पाठीवर येणार. ते कमी करायला सामान मागं सरकवलं तर कॅम्पर रस्त्यावर डुलायला लागतो. शिवाय चार माणसं, कुत्रा, बर्फाची पेटी आणि लेकीचा ‘लागेल, असू दे’ या सदरातला ऐवज. त्यात इंजिनच हजार पौंडांच्या वर. ताकदीसाठी घेतलेलं इंजिन आपल्याच पाठीवरची जागा खातं. जावईबापूंनी मोबाइलवर बेरीज केली, पुन्हा केली, आणि कॅम्परची लांबी आपोआप कमी झाली.

गाडी त्याच म्हाताऱ्याची घेतली. ती छोटा कॅम्पर निमूटपणे ओढते आणि त्याहून निमूटपणे उभी राहते. पण गावातल्या मराठी मंडळींना आता ठाऊक झालंय, की जावईबापूंकडे पिकअप आहे. कुणाचा सोफा हलवायचाय, कुणाचं कपाट आणायचंय, गणपतीच्या मखराचं सामान पोचवायचंय; शुक्रवार संध्याकाळपासून फोन सुरू होतात आणि प्रत्येक जण लाडानं विचारतो, ‘तुमची गाडी किती ओढते हो?’ जावईबापू आकडा सांगून टाकतात. यावर ब्रेक क्लेसी कमिन्सनंही शोधलेला नाही. ‘नाही’ म्हणायचं काम लेकच करते.