लाईटीतले काका

मार्गशीर्षात मुदखेडहून माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंज्या, भाकरी-ठेच्याचं गाठोडं आणि लाईटीतले एक काका असतातच. सतरंज्या न् गाठोडं घरचे चढवतात, काका आपणहून चढतात. जंक्शनच्या गावचा माणूस. तेव्हा कुठलीही लाईन आपल्याला विचारूनच चालावी, असा त्यांचा रिवाज.

दिवसभर घोड्यांचा न् गाढवांचा बाजार पाहून मंडळी ट्रॉलीत मुक्कामाला येतात. ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून वायर ओढून ताडपत्रीखाली एलईडीची पट्टी टांगलेली असते. भाकरीचा पहिला तुकडा मोडला की ती मिणमिणायला लागते. काका खिशातून टेस्टर काढतात.

टेस्टर घरातला, 230 व्होल्टचा. 12 व्होल्टवर त्याचा दिवा मेला तरी लागायचा नाही. काका तो टर्मिनलला टेकवतात, चष्मा वर करून पाहतात आणि जाहीर करतात, "बॅटरी गेली."

"काका, सकाळी तर एका सेल्फात ट्रॅक्टर सुरू झाला."

"ते शेवटचंच होतं."

मग पाण्याची तपासणी. बॅटरीची बुचं उघडून काका प्यायच्या पाण्याची बाटली मागतात. त्यात डिस्टिल वॉटरच लागतं, बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात, असं ड्रायव्हरचं पोरगं सांगतं. काका त्याचं वय विचारतात.

शेवटी शेजारच्या ट्रॉलीतून मीटर येतो. बॅटरीवर 12.5, पट्टीशी जेमतेम 9. म्हणजे बॅटरी ठणठणीत, व्होल्ट वाटेतच सांडतायत. पोरगं हात लावत लावत निगेटिव्हच्या क्लॅम्पशी येतं. क्लॅम्प ढिला, वर पांढरी-हिरवी भुकटी. ते क्लॅम्प काढतं, गरम पाण्यात खायचा सोडा कालवून भुकटी धुतं, पुसून कोरडं करतं आणि पान्यानं नट आवळतं.

पट्टी लख्ख पेटते. बायका पुन्हा वाढायला घेतात. काका पोराच्या हातातून पाना घेतात, घट्ट आवळलेला नट आणखी पाव फेरा फिरवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "मी म्हणलो होतो ना, लूज कनेक्शन हाय म्हणून! लेकरा, पाना असा धरतेत का?"