तीन गाणी जास्त

टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ १९ एप्रिल २०२४ रोजी आला तेव्हा त्यात १६ गाणी होती. दोन तासांनी आणखी १५ येऊन थडकली. एवढ्या वेळात प्रेमभंग झालेल्याचं दुसरीकडे जमतंसुद्धा!

चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’ त्या मानाने प्रामाणिक. पोपटी चौकोनावर चार धूसर अक्षरं, झालं मुखपृष्ठ. तीनच दिवसांत नवी आवृत्ती, आणि अल्बम तोच, फक्त तीन गाणी जास्त, ही कबुली थेट शीर्षकातच. आपल्याकडचे प्रकाशक असलं काही छापतील?

बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला कंट्री संगीताच्या सीएमए पुरस्कारांत साधं नामांकनही नाही. ग्रॅमीने मात्र सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम ठरवला. सोयरीक एकच, मानपान वेगळे.

खरी गंमत आंद्रे ३०००ची. आउटकास्टचा हा रॅपर १७ वर्षांनी नवा अल्बम घेऊन आला, तो ८७ मिनिटं बासरी वाजवत. रॅपची एक ओळ नाही. पहिल्याच तुकड्याचं लांबलचक नाव म्हणजे माफीनामा: करायचा रॅपच होता हो, पण वाऱ्याने इकडे आणलं. १२ मिनिटांचा तो तुकडा बिलबोर्डच्या पहिल्या शंभरात शिरला.

‘द क्युअर’ची १६ वर्षांनी ८ गाणी. पहिल्यात बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटं तोंडच उघडत नाही.

‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ ४५हून अधिक वर्षांनी आलेला स्टुडिओ अल्बम. ग्रॅमी मिळताच ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटाच्या चाहत्यांनी बँडचा गायक शंकर महादेवनच्या नावे स्टेटस ठेवले. अल्बम ऐकलात का, हे मात्र विचारू नये.