डेटा पाहिजे का?

पाडवा चार दिवसांवर आला होता आणि यात्रा कमिटीचा तीन वर्षांचा हिशेब माझ्याकडे होता. माझ्याकडे म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये. खजिनदार झालो तेव्हा मीच तोऱ्यात जाहीर केलं होतं, की लाल बासनातली वही आता बंद, यापुढे सगळं डिजिटल. टाळ्या पडल्या. जुने खजिनदार तेवढे गालातल्या गालात हसले. वही कधी बंद पडत नाही, फक्त वेळेला सापडत नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव.

गाव आमचं वेल्ह्याच्या अलीकडचं. म्हणजे आता राजगड तालुक्यातलं. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. फोल्डरचं नाव बदललं, आतल्या फायली होत्या तशाच राहिल्या: रेंज टेकडीवर, लाइट वाऱ्यावर आणि पोरं हिंजवडीत.

त्या हिंजवडीतल्या पोरांपैकी एक माझा भाचा. लॅपटॉप फार रेंगाळतोय म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, रिसेट मारा. 'माझ्या फाइल्स ठेवा' हे निवडा, काही होत नाही." आपल्याकडे ज्या कामाच्या आधी 'काही होत नाही' म्हणतात, त्या कामात काहीतरी झाल्याशिवाय राहत नाही. पण मी खजिनदार, डिजिटल खजिनदार. मारला रिसेट.

पडद्यावर टक्के चढू लागले. चार्जर लावून ठेवा, यंत्र बंद करू नका, अशी विनंतीही होती. विनंती मला मान्य होती, वाऱ्याला नव्हती. चौसष्ट टक्क्यांवर वळवाचं वारं सुटलं आणि लाइट गेली. बॅटरी गेली दोन वर्षं लॅपटॉपचं वजन वाढवण्यापलीकडे काही करत नव्हती. तासाभराने लाइट आली तेव्हा लॅपटॉपही जागा झाला, 'केलेले बदल मागे घेत आहे' म्हणाला, बराच वेळ टिंबांचं चक्र फिरवत बसला आणि मग इंग्रजीत त्याने निकाल दिला. त्याचं मराठी असं: तुमचा संगणक रिसेट करताना अडचण आली. कोणताही बदल करण्यात आलेला नाही.

हे वाचून मला आधी बरंच वाटलं. बदल नाही म्हणजे हिशेब शाबूत. बटण दाबलं. 'स्वयंचलित दुरुस्तीची तयारी सुरू आहे.' मग 'तपासणी सुरू आहे.' मग 'दुरुस्ती करता आली नाही.' बंद करून परत चालू केला. तयारी, तपासणी, नाही. सातव्या वेळी उठून चहा टाकला. घर आडवं झालंय आणि पंचनाम्यात लिहिलंय 'कोणताही बदल नाही', तसला हा प्रकार.

संध्याकाळपर्यंत पारावर बातमी. "हिशेबाच्या तोंडावरच बरा बिघडला." दुसरा म्हणाला, "मागं वही उंदरांनी खाल्ली, औंदा करंटानं खाल्ली. खाणारा बदलला, एवढंच." सगळे हसले. रात्री मला झोप नाही. अब्रूचा प्रश्न होता. पहाटे लॅपटॉप पिशवीत घातला आणि भोरची वाट धरली.

एसटीत बसलो. मागे तोरणा, विंझर सोडल्यावर उजव्या हाताला राजगड. तोरण्याची डागडुजी करताना धनाचे हंडे सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या डागडुजीत काय सापडणार याचा अंदाज घेत मी खिसा चाचपला. मार्गासनी, आंबवणे मागे पडलं, नसरापूर आलं आणि फोनला एकदम पूर्ण रेंज मिळाली. पाच मिस्ड कॉल.

पहिला अध्यक्षांचा. "भोरला निघालात म्हणे. कशाला एवढी दगदग? यंत्र आहे, बिघडायचंच. नाही मिळाला हिशेब तर नव्याने सुरू करू." मी गहिवरलो. काल पारावर सगळ्यांत मोठ्याने हेच हसले होते. दुसरा फोन मांडववाल्याच्या मेव्हण्याचा, म्हणजे आमच्या उपाध्यक्षांचा. "तीन वर्षांचं कशाला उकरायचं? चालू सालाचं बघू." तिसरे सदस्य किराणा दुकानवाले. त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. चौथ्याची वर्गणी तीन वर्षं 'येणे बाकी' या रकान्यात मुक्कामाला होती, तो म्हणाला, "देवाच्या पैशाला हिशेब कसला?" पाचवा फोन मी घेतला नाही. कापूरहोळला गाडी बदलून भोरला उतरेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडू लागला होता.

दुकान एसटी स्टँडजवळ, फोटोकॉपी, रिचार्ज आणि पॅनकार्ड यांच्या मधल्या जागेत. टेबलामागे पंचविशीचा पोरगा. त्याने लॅपटॉप उलटा केला, बारा स्क्रू काढून चुंबकावर चिकटवले, रॅमची पट्टी उपसली आणि कंपासपेटीतलं असतं तसं खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी दातांवर घासलं. मग फुंकर मारली. पट्टी परत खटकन बसवली, बटण दाबलं. तयारी, तपासणी, नाही.

"रॅम ठीक आहे काका. विंडोज उडालीय. नवी मारावी लागेल," तो म्हणाला आणि मान वर न करता त्याने तो प्रश्न विचारला. "डेटा पाहिजे का?"

सकाळपासून मला हाच प्रश्न चार जणांनी विचारला होता. याने तेवढा सरळ विचारला.

"पाहिजे तर. सगळं डेस्कटॉपवर ठेवलंय."

"डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच असतो काका. जिथं विंडोज, तिथंच तुमचा डेस्कटॉप."

"अरे पण याच्यात रिकव्हरी दिलेली असते ना?"

"असते की. त्याच डिस्कवर. वेगळा कप्पा असतो एवढंच."

घराला आग लागली तर विझवायचं पाणी माजघरातल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली आगीत. तसा आमच्या भागाला रिकव्हरी हा शब्द परका नाही. सोसायटीत रिकव्हरी म्हणजे वसुली आणि कारखान्यात रिकव्हरी म्हणजे उसाचा साखर उतारा. दोन्हीकडे ती कमी भरली, की दोष ऊस लावणाऱ्याचा. त्याच न्यायाने पोरगा मला म्हणाला, "रिसेट मारताना लाइट कशाला घालवली?"

त्याने आठ जीबीचा पेनड्राइव्ह खोचला, एफ बारा टिचकावत लॅपटॉप चालू केला आणि पेनड्राइव्हवरची विंडोज वर आणली. काळ्या खिडकीत भराभर आज्ञा टाइप केल्या. पहिलीला उत्तर आलं: परवानगी नाकारली. दुसरीला: सापडलेल्या विंडोज, शून्य. म्हणजे आठ वाजेपर्यंत घरात असलेला माणूस नऊ वाजता शिरगणतीतच नाही. मग लॅपटॉपने स्वतःच एक मागणी केली. बिटलॉकरची किल्ली द्या. अठ्ठेचाळीस आकडी.

हे कुलूप मी लावलं नव्हतं. हल्ली बऱ्याच लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा खातं जोडलं की ते आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. खातं भाच्याने काढलेलं, नंबर भाच्याचा, ओटीपी भाच्याला. भाचा मीटिंगमध्ये. अर्ध्या तासाने तो जिन्यात आला आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट पाढे म्हणावेत तसा सांगू लागला. मी दुकानाच्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेत होतो. पाचव्या गटात त्याने 'नऊ' म्हटलं की मी 'दोन' ऐकलं, यावरून पुन्हा पहिल्यापासून.

मी ओशाळलेलो बघून पोरग्याने समजूत घातली. "काका, तुमचं एकट्याचं काय घेऊन बसलात? १९ जुलै २०२४ आठवतंय?" आठवत होतं. क्राउडस्ट्राइक नावाच्या संरक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवत बसले. चोरापासून वाचवायला ठेवलेल्या रखवालदारानेच दाराला आतून कडी घातली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. दुरुस्ती काय, तर यंत्र सेफ मोडमध्ये न्यायचं आणि ती एक फाइल काढायची. पण पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणूस जाऊन बसायला लागला, आणि कुलूपबंद यंत्रांनी त्यांच्याकडेही हीच अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब त्या दिवशी बिलाच्या पाठीवर आकडे उतरवत असतील, या कल्पनेने मला फार बरं वाटलं.

कुलूप उघडलं. पुढे पोरग्याने जे केलं त्याला मी कलाच म्हणेन. त्याने त्या काळ्या खिडकीतून नोटपॅड उघडलं. साधं, लिहायचं नोटपॅड. फाइल, ओपन. आणि त्या इवल्याशा चौकटीत माझा अख्खा सी ड्राइव्ह उभा राहिला. दिंडीदरवाजातून वाडा दिसावा तसा. 'यात्रा हिशेब', 'यात्रा हिशेब नवीन', 'यात्रा हिशेब फायनल', 'यात्रा हिशेब फायनल खरा'. चौथ्या नावावर पोरगा थांबला, माझ्याकडे बघून हसला. "सगळे घेऊ का, का एकच?"

कॉपी व्हायला वेळ होता. बाहेर भोरच्या राजवाड्याकडे गाड्यांची गर्दी, शूटिंग असावं. राजवाडा १८६९ सालचा. हार्डवेअर तेच, दर सिनेमाला नवा राजा इन्स्टॉल होतो. माझ्या लॅपटॉपचा जुना वॉलपेपर राजगडाचा होता, तो आता जाणार होता. त्यावरून आठवलं. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा ठेवले. त्या बारांत राजगड होता, तोरणाही होता. १६७० पासून दिलेले किल्ले एकेक करून परत यायला लागले. कोंढाणा फेब्रुवारीत, पुरंदर मार्चमध्ये. याला म्हणावं सिस्टीम रिकव्हरी. त्यासाठी हाताशी राखलेले बारा लागले हे खरं, पण त्याहून आधी लागली ती गेलेल्या तेविसांची यादी. ज्याला परत पाहिजे असतं, त्याला यादी पाठ असते. आपण त्यांचा गड वॉलपेपरला लावतो आणि गेल्या सालचा मांडव किती रुपयांचा होता हे विसरायला एकमेकांना मदत करतो.

बिल अठराशे झालं. माझ्या डागडुजीत हे एवढं धन सापडलं, दुकानदाराला.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. मी लॅपटॉप उघडला तेव्हा पहिल्या रांगेतल्या पाच जणांनी तो चालू होऊ नये म्हणून देवाकडे बघितलं असावं. झाला. मी शेवटची 'फायनल खरा' फाइल उघडून वाचायला सुरुवात केली. वर्गणी जमा वाचली. ढोल-लेझीम वाचलं. 'मांडव' हा शब्द तोंडातून निघाला मात्र, अध्यक्ष खाकरले.

"हिशेब मिळालाय ना? मिळालाय. मग झालं. पालखीचं अजून ठरायचंय, ऊन चढतंय. हिशेब वाचला असे समजण्यात यावे."

हात वर झाले. किराणावाल्यांचे तर दोन्ही. काल-परवा पारावर हसलेले सगळेजण एका सुरात मंजूर म्हणाले. खजिनदाराच्या चिकाटीबद्दल मला नारळ मिळाला. पुढल्या सालासाठी जुनीच कमिटी कायम झाली. पडद्यावरचं ते वाक्य मला तेव्हा नीट कळलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, फक्त चार दिवस आधी बोललं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर आई सूप घेऊन ओट्यावर बसली होती. पुढल्या साली शिवारात लागायचं ते बियाण्याचं भात ती खायच्या भातात कधी मिसळत नाही. एक गाडगं माळ्यावर, एक धाकट्या चुलत्याकडे. मी तिला सगळी हकिगत सांगितली. अठ्ठेचाळीस आकडे, नोटपॅड, अठराशे रुपये.

"मांडव केवढा लावलाय कागदावर?" तिने सूप न थांबवता विचारलं.

"चाळीस खणांचा."

"देवळापुढं चोविसाच्या वर खण मावत नाहीत. मी खांबाला टेकून बसले होते, मोजले होते. आणि पंक्तीचे तांदूळ?"

"तीन पोती."

"शिजली दोन. परातीवर मीच होते."

मी लॅपटॉपकडे बघितलं. तो छान चालू होता. "आई, तुला हे माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंस?"

"मला एकटीला माहीत आहे होय?" तिने सुपातला खडा टिपून अंगणात टाकला. "साऱ्या गावाला पाठ आहे. तुझ्या त्या यंत्रालाच तेवढं विचारायला भोरला न्यावं लागलं."