शून्य टक्क्यांचा त्याग

लष्करी छावणीत झाडलोट करायची, गवत कापायचे, तर आधी सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर बोली लावावी लागते. मजुरांचे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, विमा सारे नियमाने बांधलेले. ठेकेदाराच्या हाती उरते ते फक्त स्वतःचे सेवाशुल्क, आणि नेमकी तिथेच त्याची देशभक्ती उफाळून यायची: शून्य टक्के! फार तर दशांशचिन्हापुढे तीन शून्ये आणि मग भीतभीत एक. एवढा त्याग परवडायचा कसा, हे त्या सफाई कामगाराला विचारा, ज्याचा पगार खात्यात पूर्ण येतो आणि मुकादमाच्या हातात थोडा परत जातो.

सरकारला हा त्याग बघवेना. २०२३ मध्ये अर्थखात्याने फर्मान काढले: सेवाशुल्क किमान ३.८५ टक्के. झाले! आता यच्चयावत बोलीदार ३.८५ वरच. सगळेच सर्वांत स्वस्त. मग विजेता संगणक काढतो, म्हाडाच्या सोडतीसारखा. अनुभवाचे दाखले, उलाढालीचे ताळेबंद, सनदी लेखापालाचा शिक्का हा सारा खटाटोप केवळ चिठ्ठी टाकण्यापुरता. गवत तेवढे अडाणी. कार्यादेशाची वाट न पाहता वाढते.