पर्वतीवरचे वीस सेकंद

व्यायाम निवडताना लोक फायदे बघतात, मी वेळ बघतो. योगासनांत मला शवासन उत्तम जमतं आणि सकाळच्या फेरफटक्यातला अमृततुल्यपर्यंतचा टप्पा मी कधी चुकवत नाही. त्यामुळे मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, फक्त चार मिनिटांचा व्यायाम आहे, तबाता म्हणतात त्याला," तेव्हा बावन्न वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो शास्त्रज्ञ अखेर जन्माला आला, असं मला वाटलं.

तो जन्मून बराच काळ लोटला होता. इझुमी तबाता या जपानी संशोधकाचा निबंध १९९६ सालचा. त्यात एका गटाने सायकलवर तासभर मध्यम वेगाने पाय मारले. दुसऱ्याने वीस सेकंद जीव खाऊन आणि दहा सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या केल्या. सहा आठवड्यांनी प्राणवायू वापरण्याची क्षमता दोघांचीही वाढली, पण दम कोंडून जोर लावायची ताकद वाढली ती फक्त दुसऱ्या गटाची, आणि तीही २८ टक्क्यांनी. तास विरुद्ध चार मिनिटं! मी त्याच रात्री बूट मागवले.

बारीक अक्षरांतला मजकूर मी मेडिक्लेमचाही वाचत नाही, मग याचा कशाला वाचतोय? तिथे लिहिलं होतं की जीव खाणारी ती पोरं शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होती. प्राणवायूवर जेवढं जास्तीत जास्त काम निभतं, त्याच्या १७० टक्के जोर ती लावत होती. त्या चार मिनिटांआधी दहा मिनिटं अंग गरम करणं होतं. आणि आठवड्यातला एक दिवस त्यांनाही अर्धा तास साधी सायकल चुकली नव्हती.

आमच्याकडे सायकल नाही, पर्वती आहे. १०३ पायऱ्या, रुंद, दगडी, फुकट. पहाटे गेलो. खिशातल्या फोनमधली बाई "गो!" म्हणाली आणि मी सुटलो. पहिले वीस सेकंद अप्रतिम गेले. स्वेटर-कानटोपीतली मंडळी बाजूला सरत होती, एका आजींनी तर "अगंबाई!" असंही म्हटलं, आणि त्यात मला कौतुकच ऐकू आलं. मग "रेस्ट" झाली. दहा सेकंद किती असतात याची कल्पना खुर्चीत बसून येत नाही. स्नायूंमधला हाताशी असलेला इंधनसाठा पहिल्या काही सेकंदांतच संपतो आणि तो भरून यायला मिनिटं लागतात. म्हणजे वाण्याची मागची उधारी फेडायच्या आत पुढची वही उघडायची, असा हा सगळा कारभार. पुढच्या "गो"ला मी चाललो. त्याच्या पुढच्या "गो"ला मी कठडा धरला.

नानासाहेब पेशव्यांनी याच टेकडीवर १७६१ मध्ये देह ठेवला. त्यांना पानिपताचा धक्का बसला होता. माझ्याकडे तेवढं सबळ कारण नव्हतं, म्हणून मी नुसताच पायरीवर बसलो.

"बसू नका," मागून सावकाश चढत आलेले एक आजोबा म्हणाले. "हळूहळू चालत राहा. एकदम थांबलं की रक्त पायात उतरतं, चक्कर येते." सल्ला बरोबर होता, पण उठायची सोय राहिली नव्हती. ते माझ्याकडे बघत क्षणभर थांबले. "आणि तुमचा फोन काहीतरी म्हणतोय हो." फोन ओरडत होता, "गो! गो!" आजोबा गेले.

गंमत अशी की त्या दिवशी काहीच दुखलं नाही. ऑफिसात मी दोघांना तबाता समजावूनही सांगितला. हे दुखणं एक-दोन दिवसांनी ऐन भरात येतं. ते आलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या लिफ्टवर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती. चढताना मांड्या कुरकुरत होत्या, उतरताना मात्र थेट बोंबलत होत्या. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि त्याचे धागे दुखावतात ते तेव्हा. म्हणजे पर्वती चढताना मी पराक्रम केला आणि पाय गेले ते उतरताना. बायको म्हणाली, "अहो, लॅक्टिक ॲसिड साठलंय." ते तासा-दोन तासांत निघून जातं, त्याचा या दुखण्याशी संबंध नाही, हे मी तिला दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठमोरा जिना उतरत समजावलं. खालून वर येणाऱ्या कामवाल्या मावशी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, वर जायचंय का खाली?"

डॉक्टरांनी ईसीजी काढला, बीपी बघितलं. "पन्नाशीनंतर हे आधी करायचं असतं की नंतर?" एवढंच विचारलं.

यानंतर मी बारीक अक्षरं वाचायला लागलो आणि कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जाऊन पोचलो. मार्टिन गिबाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास. वीस सेकंदांचा पूर्ण जोर फक्त तीनदा, मध्ये दोन-दोन मिनिटं संथ सायकल, आगेमागे थोडं गरम-गार, सगळं मिळून दहा मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. पंचेचाळीस मिनिटं सायकल मारणाऱ्यांची क्षमता जेवढी वाढली तेवढीच, १९ टक्क्यांच्या आसपास, यांचीही वाढली. आणि यातली माणसं कोण, तर बैठी! एखाद्या संशोधनाच्या पात्रतेत बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. त्यांचं सरासरी वय तिशीच्या आतलं होतं, हे वाचून मी पान उलटलं.

सध्या सोसायटीच्या जिममधल्या सायकलवर हेच चाललंय. तिचं डावं पायडल कुरकुरतं, त्यामुळे माझा जोर कधी ओसरला ते वॉचमनलाही कळतं. पूर्ण जोर म्हणजे काय, हे शरीर आपणहून सांगत नाही. चेहऱ्यावर हसू टिकत असेल तर तो पूर्ण नव्हे, एवढं मला समजलंय. काही आठवड्यांनी तीन मजले चढून किल्ली लावताना मी फोनवर बोलत होतो आणि समोरच्याला कळलंही नाही, यावर मी घरात बराच वेळ बोललो.

पंचेचाळीसच्या जागी दहा मिनिटं, म्हणजे दर खेपेला पस्तीस मिनिटं वाचतात. ती कुठे जातात, हे बायकोला विचारा. ती आणि शेजारच्या कुलकर्णीवहिनी सांगतील, मी हा व्यायाम समजावून सांगत असतो.